मुहूर्त, रजिस्ट्रारच्या डायरीतला

हॉलवाला वर्षभर आधी ॲडव्हान्स मागतो आणि रजिस्टर लग्नाचा कायदा म्हणतो नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न उरका, नाहीतर परत पहिल्यापासून. म्हणजे हॉल आधी ठरतो, केटरर आधी ठरतो, बाहेरगावच्यांची तिकिटं आधी निघतात आणि ज्या माणसासमोर प्रत्यक्ष लग्न लागणार आहे त्याची तारीख मात्र सगळ्यात शेवटी हातात येते. रजिस्टर लग्न म्हणलं की लोक म्हणतात सोपंय, गेलं, सही केली, आलं. सही सोपीच आहे हो. त्या सहीची वेळ ठरवणं हा खरा उद्योग, आणि २०२५ मध्ये तो माझ्या गळ्यात पडला.

आपल्याकडच्या लग्नात मामाला काम तसं एकच, तेही माइकवरून सांगितलेलं, की मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मग अंतरपाटाच्या एका बाजूला तिच्या मागे उभं राहायचं, फोटोत अर्धवट यायचं, संपलं. पण भाचीने मंडपच नको म्हणलं. ती पुण्याची, मुलगा मडगावचा, कॅथलिक, नोकरीला बरीच वर्षं पुण्यात. त्याला चर्चमध्ये करायचं नव्हतं, तिला भटजी नको होते, त्यात भांडण वगैरे काही नाही, दोघांनाही वाटत होतं की एकाचं करायचं आणि दुसऱ्याचं नाही असं नको. मग तिने मला सांगितलं, "मामा, तू रजिस्ट्रारचं बघ." मी रिटायर्ड माणूस, मला वाटलं चला, मंडपात आणण्यापेक्षा हे काम बरं, खुर्चीवर बसून होईल.

पहिली अडचण अशी की घरात कुणालाच माहीत नव्हतं आपण नक्की कुठे जायचंय. भाऊजी म्हणाले वॉर्ड ऑफिसला जा, आमचं तिथेच झालं. त्यांचं तिथे झालं म्हणजे लग्न कार्यालयात लागलं आणि नंतर त्याची नोंद महापालिकेत झाली. ते वेगळं. महाराष्ट्रात १९९८ चा एक कायदा आहे, त्याखाली झालेल्या लग्नाची नोंद करतात, त्या फॉर्मवर लग्न लावणाऱ्या भटजींची किंवा काझींची सही लागते, पत्रिका जोडायची, तीन साक्षीदार न्यायचे. आमच्याकडे तर भटजीच नाही आणि झालेलं लग्नही नाही. आम्हाला लग्नच लावून हवं होतं, आणि ते काम नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्याचं, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. लोक याला कोर्ट मॅरेज म्हणतात आणि त्यात कोर्ट कुठेच नसतं. पण नाव असं पडल्यामुळे आमच्या आत्याबाईंना (म्हणजे भाचीच्या आत्या, वय ७८, पंचांग तोंडपाठ) शेवटपर्यंत वाटत होतं की आपण काळा कोट बघायला चाललोय.

आता तारखेचं गणित. ते मी मुद्दाम नीट सांगतो कारण बऱ्याच जणांचं इथेच फसतं. नोटीस ज्या जिल्ह्यात द्यायची तिथे दोघांपैकी एकजण तरी आधीचे किमान ३० दिवस राहत असला पाहिजे, हे पहिलं. नोटीस दिली की ३० दिवस थांबायचं, त्या काळात कुणाला हरकत असेल तर त्याने ती नोंदवायची. आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन कॅलेंडर महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर ती नोटीस बाद. म्हणजे हातात साधारण दोन महिन्यांची फट उरते आणि त्या फटीत तुमचा हॉल, तुमच्या सुट्ट्या आणि अधिकाऱ्यांची उपलब्धता हे सगळं एकदम बसलं पाहिजे.

ताईने हॉल घेतला होता २० डिसेंबर, शनिवार संध्याकाळ, रिसेप्शनसाठी. डिसेंबरातला शनिवार आणि तोही बऱ्यापैकी भावात, मला संशयच आला. हॉलच्या मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, "काका, शुक्राचा अस्त आहे ना." मी बघत राहिलो. डिसेंबरच्या मध्यापासून शुक्र अस्तंगत, वर धनुर्मास लागतो, म्हणून मुहूर्त नाहीत, म्हणून हॉल रिकामे, म्हणून रेट खाली. हॉलवाल्यांना पंचांग भटजींपेक्षा जास्त कळतं हे मला तेव्हा समजलं. त्यांचा सगळा धंदाच ग्रहांच्या उदय-अस्तावर चालतो, दाते पंचांग आलं की पुढच्या वर्षीचं रेटकार्ड तयार.

रिसेप्शन शनिवारी, पण शनिवारी सरकारी ऑफिसला सुट्टी, २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा. मग लग्न आदल्या दिवशी शुक्रवारी, १९ डिसेंबरला. ही तारीख मुलाच्या आईने सुचवली आणि त्याचं कारण फार छान होतं. १९ डिसेंबर म्हणजे गोवा मुक्तीदिन, १९६१ साली याच तारखेला गोवा पोर्तुगीजांकडून सुटला, त्यामुळे गोव्यात सार्वजनिक सुट्टी, त्यांच्याकडच्या नोकरीवाल्यांना रजा टाकायला नको. पुण्यात मात्र कामाचा दिवस, ऑफिस उघडं. एवढी सोयीची तारीख दोन राज्यांत मिळून दुसरी सापडली नसती.

१९ डिसेंबरला लग्न म्हणजे १९ सप्टेंबरच्या आधी नोटीस देऊन फायदा नाही आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर देऊन चालणार नाही. मी म्हणलं सप्टेंबरातच देऊन मोकळं होऊ, तर आत्याबाई म्हणाल्या पितृपक्ष आहे. मी म्हणलं आत्या, नोटीस आहे, साखरपुडा नाही. "नोटीस कसली? लग्नाचीच ना?" यावर मला उत्तर सुचलं नाही. सर्वपित्री झाली, घट बसले, आता दसऱ्याच्या मुहूर्तावर देऊ असं त्यांच्या मनात, पण दसरा आला २ ऑक्टोबरला, गांधीजयंती आणि दसरा एकाच दिवशी, ऑफिस डबल बंद. शेवटी ३ ऑक्टोबरला, शुक्रवारी, नोटीस गेली. ३० दिवस नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपत होते, मधे दिवाळी होऊन जाणार होती, आणि नोटीस ३ जानेवारीपर्यंत जिवंत. बसलं गणित.

कागदांचं फार सांगत नाही. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं, हे प्रत्येक घरात असतं तसं आमच्याकडेही निघालं. अर्ज ऑनलाइन भरता येतो. भाचीने तो रात्री अकराला लॅपटॉपवर भरला आणि मी शेजारी बसून उगाच सूचना केल्या.

नोटिशीचा कागद मात्र मी नीट वाचला. दोघांची नावं, अविवाहित की विधुर की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचा पत्ता, कायमचा पत्ता, इथे किती काळ राहताय. हे सगळं ऑफिसात दिसेल अशा जागी लावायचं, ३० दिवस. आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे प्रत जाते, तीही तिथल्या बोर्डावर लागते. म्हणजे आमच्या भाचीचं नाव, वय, पत्ता पुण्याच्या भिंतीवर आणि गोव्यातल्याही भिंतीवर. मुलाच्या आईला मी जरा भीतभीतच फोन करून हे सांगितलं. त्यांना काहीच वाटलं नाही. "लावूं दी," म्हणाल्या, आणि विचारलं पहिली सही कधी आणि दुसरी सही कधी.

तेव्हा मला गोव्याची गंमत कळली. तिथे १८७० पासून पोर्तुगीज सिव्हिल कोड आहे, १८६७ चा तो कायदा गोवा सुटल्यावरही राहिला, आणि लग्नाची सरकारी नोंदणी हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांनाच. आधी दोघांनी सिव्हिल रजिस्ट्रारसमोर जाऊन आम्हाला लग्न करायचंय असं सांगून सही करायची, मग हरकतींसाठी थोडे दिवस, मग दुसरी सही. चर्चमध्ये करणाऱ्यांनाही आधी रजिस्ट्रारचा कागद लागतो. बोर्डावर नाव लागणं म्हणजे तिकडे राशनच्या यादीत नाव लागण्याइतकं साधं. कुणी पळून चाललंय, कुणी लपवतंय असा वासच त्याला नाही कारण सगळे त्याच दारातून जातात. मला हे फार आवडलं. आपल्याकडे त्याच बोर्डाकडे लोक वळून बघतात, कारण आपल्याकडे त्या दारातून फक्त काहीच जण जातात.

कोण ते पण सांगतो. दोघंही हिंदू असतील आणि घाई असेल तर हा रस्ता कुणी धरतच नाही. ऑफिसच्या बाहेर झाडाखाली एजंट उभे असतात, एका दिवसात लग्न करून देतो म्हणतात, ते काय करतात तर कुठेतरी वैदिक पद्धतीने होम आणि सप्तपदी उरकतात आणि मग त्याची नोंद करून देतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याला ते चालतं, तिथे ३० दिवस नाहीत, भिंतीवर नाव नाही, हरकत मागवणं नाही. थांबायचं कुणी, तर ज्यांचे धर्म वेगळे आहेत त्यांनी किंवा ज्यांना धर्माशिवाय करायचंय त्यांनी. म्हणजे ज्यांना घरच्यांची सगळ्यात जास्त भीती असू शकते त्यांनाच नाव-पत्ता भिंतीवर लावून महिनाभर वाट बघायला सांगायचं. आमच्याकडे दोन्ही घरं खूष होती म्हणून आम्हाला तो महिना नुसता वेटिंग पिरियड होता. बोर्डावर आमच्या कागदाच्या शेजारी अजून एक कागद होता, मुलगी जेमतेम विशीची, दोघांची आडनावं दोन धर्मांची, आणि मला राहून राहून वाटत होतं की या दोघांचा हा महिना कसा जात असेल. २०२२ च्या डिसेंबरात आपल्या राज्य सरकारने अशा लग्नांवर लक्ष ठेवायला म्हणून समिती नेमली होती, आधी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय दोन्ही, ओरड झाल्यावर फक्त आंतरधर्मीय. अशा हवेत तो कागद भिंतीवर असतो.

आणि हरकत घ्यायची कशावर तर कारणं ठरलेली, आधीचा जोडीदार हयात आहे का, वय पूर्ण आहे का, मानसिक स्थिती संमती देण्यासारखी आहे का, नात्यात बसत नाही असं काही आहे का. जात वेगळी, धर्म वेगळा, आईचा बीपी वाढला, ही कारणं कायद्यात नाहीत. पण खोटी हरकत घेतली तरी चौकशी होईपर्यंत लग्न थांबतं, अधिकाऱ्याला त्यासाठी अजून ३० दिवस, आणि हरकत वाईट हेतूने घेतली असं ठरलं तर दंड किती, जास्तीत जास्त १००० रुपये. १९५४ साली हजार रुपये ही रक्कम होती हो. आज तेवढ्यात आमच्या हॉलवर एक ताट येत नाही. अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की नोटीस भिंतीवर लावायची की नाही हे त्या जोडप्याला ठरवू द्या. मला विचाराल तर हे शहाणपणाचं आहे, आणि सगळीकडे व्हायला पाहिजे. आधीचं लग्न आहे का हे तपासायला आज भिंत लागत नाही.

तसं बघितलं तर १९५४ चा कायदा आधीच्यापेक्षा फार माणसासारखा. त्याच्या आधी १८७२ चा होता, केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो मंडळींच्या प्रयत्नातून आलेला, त्यात लग्न करायचं तर दोघांनी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही, पारशी नाही, ज्यू नाही, अशी मोठी यादी. १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरतं ते सैल झालं. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचं लग्न झालं ते असं नोंदणी पद्धतीनेच, आणि बाबासाहेबांच्या घरी. हे मी ताईला सांगितलं आणि तिने तेवढंच धरलं. "म्हणजे रजिस्ट्रार घरी येतात?"

येतात. कायद्यात आहे, कलम १२, ऑफिसात किंवा तिथून वाजवी अंतरावर तुम्ही म्हणाल तिथे, जास्तीची फी भरून. ताईचं म्हणणं साधं होतं, साहेबांना शनिवारी संध्याकाळी हॉलवरच बोलवा, सगळे पाहुणे असतील, सगळ्यांसमोर सह्या, टाळ्या, अक्षता, जेवण. दिसायला उत्तम. मी विचारायला गेलो. तिथल्या बाई, म्हणजे ज्यांच्याकडे डायरी होती त्या, फार नीट बोलल्या. म्हणाल्या अर्ज द्या, बघू, पण शनिवारी संध्याकाळी सातला म्हणजे सातला असं मी लिहून देऊ शकत नाही, साहेबांना ऐनवेळी दुसरं काम निघालं तर तुमचे पाहुणे बसून राहतील. अगदी खरं होतं. आपल्या लग्नात भटजींना उशीर झाला तर सनईची कॅसेट परत लावता येते, पण रजिस्ट्रार नाही आला तर ते लग्नच नाही, नुसतं जेवण.

लेस्टरला माझा चुलतभाऊ असतो, त्याच्या मुलीचं असंच सिव्हिल लग्न झालं, त्याला फोन लावला तर तो म्हणाला आमच्याकडे वर्षभर आधी रजिस्ट्रार बुक होतात, वेळेसकट. मला हेवा वाटला. तिकडे नोटीस किमान २८ दिवस आधी द्यायची पण ती १२ महिने चालते, त्यामुळे हॉल आणि रजिस्ट्रार एकदमच पक्के करता येतात, आपल्यासारखी तीन महिन्यांची टांगती तलवार नाही. पूर्वी तिकडेही सकाळी ८ ते संध्याकाळी ६ मधेच लग्न लागायचं, २०१२ मध्ये ते काढलं. पण एक गोष्ट त्याला बोचली होती, सिव्हिल लग्नात धार्मिक काहीही चालत नाही. त्याच्या बायकोला दोन मंगलाष्टकं म्हणायची होती, रजिस्ट्रार बाई म्हणाल्या माझं काम संपू द्या, मी बाहेर गेले की मग म्हणा. आपला कायदा इथे किती मोठ्या मनाचा बघा, तो म्हणतो लग्न हवं त्या पद्धतीने लावा, हार घाला, अक्षता टाका, काय करायचं ते करा, फक्त एक वाक्य मात्र दोघांनी एकमेकांना म्हणायचं, अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, की मी अमुक, तुला माझी कायदेशीर पत्नी किंवा पती म्हणून स्वीकारतो. दोघांना समजणाऱ्या कुठल्याही भाषेत. ते वाक्य झाल्याशिवाय बाकी सगळं करून लग्न पूर्ण होत नाही.

हे वाचल्यावर मला महात्मा फुल्यांची आठवण झाली. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीशिवाय पहिलं लग्न लागलं. जोतीरावांनी मंगलाष्टकं रचली ती अशी की वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, ती हक्क मागते, तो कबूल करतो, मराठीत, दोघांना कळेल असं. आपल्या नेहमीच्या लग्नात नवरा-नवरी सोडून सगळे बोलतात. मी माझ्या लग्नात काय काय कबूल केलं ते मला आजही सांगता येणार नाही, संस्कृतात होतं, आणि धुराने डोळे चुरचुरत होते.

तर ठरलं, ऑफिसातच. शुक्रवार १९ डिसेंबर. आता वेळ. मी परत डायरीवाल्या बाईंकडे. आणि घरी आत्याबाई पंचांग उघडून बसलेल्या. त्यांनी ते पान मला दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज खरंच चिरकला. "अरे, अमावस्या आहे!"

होती. मार्गशीर्ष अमावस्या, सकाळपासून पूर्ण दिवस. शुक्राचा अस्त, धनुर्मास आणि वर अमावस्या, म्हणजे पंचांगाच्या हिशोबाने वर्षातला लग्नाला सगळ्यात नालायक दिवस आम्ही शोधून काढला होता. ताई गप्प झाली. ती मानत नाही म्हणते पण अमावस्येला नवीन कपबशीसुद्धा काढत नाही. भाचीला फोन लावला, ती म्हणाली चालेल की, रात्री आकाश छान दिसेल. मुलाच्या आईला काय सांगायचं हा प्रश्न होता, त्यांना सांगितलं, त्या म्हणाल्या आमच्या भटकार बाईंकडे (भटकार म्हणजे तिकडचे जमीनदार) अमावस्येला नारळ काढत नसत, पण लग्न म्हणजे नारळ नव्हे.

आत्याबाईंनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं आणि मग तडजोडीचा प्रस्ताव आणला. अमावस्या तर अमावस्या, कलियुग आहे, पण निदान राहुकाळ टाळा. शुक्रवारी राहुकाळ साडेदहा ते बारा. आणि बाईंनी आम्हाला वेळ दिली होती अकराची.

मी लाजत लाजत विचारलं, अकराऐवजी साडेबारा होईल का. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "राहुकाळ ना? शुक्रवारचं कायमचंय. साडेबारा लिहिते." आणि मग म्हणाल्या, "अमावस्येला तसंही कुणी नसतं, निवांत या. अक्षय्य तृतीयेला आला असतात तर उभं राहायला जागा नसती." म्हणजे इथेही तेच. लोक भटजी टाळून, होम टाळून, सगळं टाळून सरकारी टेबलापर्यंत येतात आणि खिशात पंचांगाचं पान असतंच. मला त्यात वाईट काही वाटत नाही. जुन्या काळी लग्नघरात पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडायचे, बुडाला बारीक भोक असलेली वाटी, ती भरून बुडाली की २४ मिनिटांची एक घटिका झाली, आणि एकजण नुसता ती वाटी बघत बसलेला. तेव्हा ते घड्याळ होतं. आता घड्याळ हातात आहे, तरी वाटीकडे बघत बसणारा माणूस प्रत्येक घरात एक असतोच, आमच्याकडे आत्याबाई.

साक्षीदार तीन. यावर जेवढं राजकारण झालं तेवढं मानपानावर झालं नसतं, कारण मानपान शंभर जणांना देता येतो आणि सही तिघांनाच. भाऊजींना वाटत होतं त्यांचे थोरले भाऊ असावेत, मुलाकडून त्याचा भाऊ येणार होता, भाचीला तिची मैत्रीण हवी होती. मला कुणी विचारलंच नाही, मी धरूनच चाललो होतो, आणि शेवटी झालं तेच, मुलाचा भाऊ, मैत्रीण आणि मी. थोरले भाऊ रिसेप्शनला उशिरा आले.

त्या दिवशी आम्ही सगळे बाराच्या आधीच पोचलो. भाचीने आईची जुनी नारायणपेठी नेसली होती, मुलगा लिननच्या शर्टात, त्याची आई मोतिया रंगाच्या ड्रेसमध्ये आणि डोक्याला फुलं, आत्याबाई नऊवारीत, बाकी ऑफिसात दस्त नोंदवायला आलेले लोक, बिल्डर, वकील, फाइली. एक आजोबा बक्षीसपत्राच्या रांगेत होते, ते उगाच येऊन आशीर्वाद देऊन गेले. आमच्या आधीचं जोडपं आत होतं, बारा वाजून वीस, पंचवीस, आत्याबाईंची नजर भिंतीवरच्या घड्याळावर, पण आता त्यांना उशिराची चिंता नव्हती, उलट जेवढा उशीर तेवढा राहू लांब.

आत बोलावलं. साहेबांनी मूळ कागद पाहिले, दोघांना विचारलं स्वखुशीने करताय ना, कुणाचा दबाव नाही ना, आणि हे विचारताना त्यांनी कागदातून मान वर करून दोघांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ते मला आवडलं. डिक्लेरेशनवर सह्या, आमच्या तिघांच्या सह्या. मग म्हणाले, ते वाक्य म्हणा. भाचीने मराठीत म्हणलं, एका दमात, पाठ करून आली होती. मुलाने कोकणीत म्हणलं, मधे अडकला, त्याच्या आईने ओठ हलवून सांगितलं, पुढे गेला. साहेबांनी विचारलं तुम्हाला कोकणी समजते ना, भाची म्हणाली शिव्या तर सगळ्या समजतात, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत कुणीतरी मोठ्याने हसलं, ते साहेबच होते. हार घातले. आत्याबाईंनी पर्समधून अक्षतांची पुडी काढली आणि कुणी काही म्हणायच्या आत टाकल्या, टेबलावर, फाइलींवर, साहेबांच्या चष्म्यावर. शिपायाने झाडू आणायला सुरुवात केली तेव्हा बारा चाळीस झाले होते.

सर्टिफिकेटची प्रत हातात आल्यावर ती सगळ्यात आधी आत्याबाईंनी घेतली. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली, मग उलटी करून मागची कोरी बाजू पण बघितली.

"वेळ कुठंय?"

बाई म्हणाल्या, "वेळ नसते आजी त्यावर. तारीखच असते."

आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मीच तो नमुना १९५४ साली तयार केला होता. "म्हणजे अमावस्या तेवढी लिहिली," म्हणाल्या, आणि पर्समधून पेन शोधायला लागल्या, तेव्हा ताईने सर्टिफिकेट त्यांच्या हातातून काढून घेतलं, सरकारी कागद आहे म्हणून, आणि आम्ही सगळे जेवायला गेलो.